पशुवैद्यक होऊन विषाणूंवर संशोधन करता येतं का?

प्रश्न गोव्यातल्या वाळपईहून आहे: मुलगी बारावीला आहे, तिला पशुवैद्यक व्हायचंय, पण दवाखाना नको, साथीच्या रोगांवर संशोधन करायचंय. असा रस्ता आहे का?

आहे, ताई. तुमच्या सत्तरी तालुक्यातला माकडतापच घ्या. काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्यांना गोचीड चावून तो होतो. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसंही आजारी पडली, आणि त्या तपासातून या तापाचा विषाणू सापडला. प्राण्यांचा आजार ओळखता येणारा माणूस अशा वेळी लागतोच.

गोव्यात पशुवैद्यकीय कॉलेज नाही, मुंबई किंवा शिरवळसारख्या ठिकाणी जावं लागेल. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात एमव्हीएससी, म्हणजे पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी, मग पीएचडी. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तर सर्वोच्च सुरक्षा पातळीची, म्हणजे बीएसएल-४ प्रयोगशाळा आहे.

प्रयोगशाळेतल्या प्राण्यांचं वैद्यक ही यातलीच वेगळी शाखा. उंदीर, ससे निरोगी ठेवणं, भूल देणं, त्रास कधी असह्य झाला हे ओळखून प्रयोग थांबवायला सांगणं. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीत पशुवैद्य असावाच लागतो, आणि तिच्या परवानगीशिवाय प्रयोग होत नाही.

एक मात्र मुलीशी आधीच बोला. बहुतेक प्रयोगांच्या शेवटी तो प्राणी मारावा लागतो. प्राण्यांवर माया असलेल्या मुलांना हेच सर्वांत जड जातं, आणि मला वाटतं, या कामाला तीच मुलं हवीत.