कूलंटच्या बाटलीत चॉकलेटी साय

प्रश्न: माझी डिझेल गाडी १ लाख १० हजार किमी चालली आहे. कूलंटच्या बाटलीत चॉकलेटी, चिकट साय जमते. गाडी तापत नाही, डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवरचं) ऑइलही स्वच्छ आहे. मेकॅनिक म्हणतो, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरवावं लागेल. उतरवू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: इतक्यात नको. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडा आणि कपभर कूलंट काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवा. वर तवंग आला तर तेल. तळाशी तांबूस गाळ बसला तर गंज, म्हणजे कुणीतरी नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतत आलंय. तेल-पाणी फार घुसळलं गेलं असेल तर ते वेगळं होत नाही. अशा वेळी कागदावर बरणीतल्या कूलंटचा एक थेंब आणि शेजारी ताज्या कूलंटचा एक थेंब टाका. तेलाच्या डागाची कड पारदर्शक दिसते.

तेल निघालं तर तुमच्या लक्षणांवरून पहिला संशय ऑइल कूलरवर, म्हणजे कूलंटच्या मदतीने इंजिन ऑइल थंड करणाऱ्या भागावर. बहुतेक डिझेल इंजिनांत तो ऑइल फिल्टरच्या जवळ असतो आणि आत तेल व कूलंट यांच्यामध्ये फक्त पातळ पत्रा असतो. इंजिन चालू असताना तेलाचा दाब साधारण ३-४ बार, कूलंटचा १ बारच्या आसपास. पत्र्याला चीर गेली की तेलच कूलंटमध्ये घुसतं, उलट नाही. म्हणून डिपस्टिक स्वच्छ राहते, आणि तेवढ्यावर निश्चिंत होणारे फसतात. इंजिन बंद झालं की मात्र तेलाचा दाब शून्यावर येतो आणि उरलेल्या दाबाने कूलंट तेलात जाऊ शकतं. डिपस्टिकवर दुधाळ थर दिसला तर गाडी सुरूच करू नका, बेअरिंग जातील.

कूलर उतरवून एक बाजू बंद करा, दुसरीकडून हवा भरा आणि पाण्यात बुडवा. बुडबुडे आले की निकाल लागला. आले नाहीत तर गॅस्केटकडे वळा: थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरात रेडिएटरचा वरचा होज पाइप दगडासारखा होतो का, बाटलीत सतत बुडबुडे येतात का, ते पाहा. ब्लॉक टेस्टरचा (कूलंटच्या तोंडावर लावून त्यातला वायू तपासणाऱ्या नळीचा) निळा द्रव रंग बदलला तर एक्झॉस्टचा वायू कूलंटमध्ये शिरतोय. टेस्टर लावण्याआधी कूलंटची पातळी थोडी खाली घ्या. कूलंट टेस्टरच्या आत ओढलं गेलं तर चाचणी वाया.

दुरुस्तीनंतर रेडिएटर क्लीनरने फ्लश करा, म्हणजे कूलंटचा सगळा मार्ग आतून धुवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून. भांड्याचा साबण नको, फेस होतो. निघणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत फ्लश पुन्हा पुन्हा करावा लागतो. तेलाने रबर फुगतं, त्यामुळे मऊ पडलेले होज बदलाच. शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं.

प्रश्न: हिरव्या कूलंटमध्ये गुलाबी टाकलं तर चालेल?

उत्तर: रंगावर जाऊ नका, तो कंपनीगणिक बदलतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं स्पेसिफिकेशन जुळवा. न जुळणारी मिसळली तर जेल धरतं किंवा गंजरोधक रसायन लवकर संपतं.