वाचक विचारतात: .२२३ मधून डुकराला कोणती गोळी?

प्रश्न: मी टेक्सासमध्ये राहतो. माझ्याकडे एआर पद्धतीची (अर्धस्वयंचलित) .२२३ रायफल आहे, नळी १६ इंची. आजवर कागदी लक्ष्यावर ५५ ग्रेनच्या फुल मेटल जॅकेट (शिशावर कडक धातूचं बंद कवच असलेल्या) गोळ्याच मारल्या. ओळखीच्या एका शेतकऱ्यानं शेतात शिरणारी डुकरं मारायला बोलावलंय, आणि हंगाम सुरू झाला की एखादं व्हाइटटेल हरीणही मारू देईन म्हणतो. काही मित्र म्हणतात, एवढ्याशा गोळीनं डुकरावर बार टाकणं हा क्रूरपणा आहे. बाकीचे म्हणतात, नेम पक्का असला की कुठलीही गोळी चालते. कुणाचं ऐकू?

उत्तर: कुणाचंच ऐकू नका, आणि दुसऱ्या गटाचं तर मुळीच नाही. शिकार झाल्यावर जनावर सोलायचं काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही. गोळी कुठून शिरली, कुठवर गेली, बरगडी मोडली की नुसती खरवडली, हे मी जखमेत बोट घालून बघते. त्यावरून ठामपणे सांगते की .२२३ नं डुक्कर आणि हरीण दोन्ही स्वच्छ मरतात. मात्र या कॅलिबरमध्ये (कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी, इंचात) चुकीच्या गोळीला माफी नाही. मोठ्या कॅलिबरची साधी गोळीसुद्धा नुसत्या वजनावर आत जाते. तुमच्या ५५ ग्रेनच्या गोळीचं वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि जाडी ५.७ मिलिमीटर. एवढ्याशा धातूला तोंड उघडून रुंद जखमही करायची असते आणि शेवटपर्यंत आतही जायचं असतं. म्हणून आधी गोळीची बांधणी बघा, वजन त्यानंतर.

तुमच्याकडच्या फुल मेटल जॅकेट गोळ्या लक्ष्यासाठीच ठेवा. त्यांचं तोंड उघडत नाही. कधी आत गेल्यावर त्या आडव्या होऊन फुटतात, कधी सुईसारख्या आरपार निघून जातात, आणि यातलं काय होईल हे आधी सांगता येत नाही. बऱ्याच राज्यांत त्या हरणासाठी कायद्यानंच बंद आहेत. मॅच गोळ्याही, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेसाठीच्या गोळ्याही नकोत. त्यांच्या टोकाला भोक दिसतं म्हणून लोक फसतात, पण ते भोक गोळी घडवण्याच्या पद्धतीमुळे राहिलेलं असतं, फुलण्यासाठी ठेवलेलं नसतं. सिएरा कंपनी स्वतःच आपली मॅचकिंग शिकारीला वापरू नका असं सांगते.

तिसरी चूक सगळ्यात जास्त लोक करतात. व्ही-मॅक्स किंवा ब्लिट्झकिंगसारख्या प्लास्टिक टोकाच्या पातळ जॅकेटच्या गोळ्या प्रेअरी डॉग (बिळात राहणारा खारीसारखा प्राणी) आणि कायोटी (कोल्ह्यासारखा प्राणी) अशा लहान जनावरांसाठी बनवलेल्या आहेत. लागल्या लागल्या फुटायचं, हेच त्यांचं काम. थोराड नराच्या अंगावर आधी वाळलेला चिखल, मग राठ केस, मग जाड कातडं आणि त्याखाली खांद्यावर चिवट कुर्च्यासारखा थर असतो. शिकारी त्याला शील्ड म्हणतात. सुळ्यांच्या मारामारीत तो नराला वाचवतो. तिथे अशी गोळी वरच्यावर फुटली तर वाडग्याएवढा खड्डा पडतो, पण फुप्फुसाला धक्काही लागत नाही. ते डुक्कर झुडपात जातं आणि काही दिवसांनी पू होऊन मरतं. तुमचे मित्र ज्याला क्रूरपणा म्हणतात तो हाच, आणि तो गोळी निवडताना टाळता येतो.

चिखलाची गोष्ट जुनी आहे. १९४६ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या चिखलानं माखलेल्या एका मूसच्या (भल्यामोठ्या हरणाच्या) खांद्यावर नीट आत गेल्याच नाहीत. त्यातून त्यांनी मधे तांब्याच्या मिश्रधातूची आडवी भिंत असलेली गोळी घडवली. पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत जातो. १९४८ पासून ती पार्टिशन या नावानं विकली जाते आणि .२२ कॅलिबरमध्ये, म्हणजे तुमच्या रायफलीच्या मापात, ६० ग्रेनची मिळते. तुमच्या कामाला ती उत्तम. दुसरा चांगला पर्याय म्हणजे ज्यात शिसं जॅकेटला चिकटवलेलं असतं त्या बाँडेड गोळ्या: फेडरल फ्यूजन ६२ ग्रेन, स्पीअर गोल्ड डॉट ६२ किंवा ७५ ग्रेन. तिसरा, अख्ख्या तांब्याची गोळी, बार्न्स टीएसएक्ससारखी. ती चार पाकळ्यांत उघडते आणि बहुतेक वेळा जवळजवळ सगळं वजन राखून आरपार जाते. डुक्कर आणि हरीण दोघांसाठी एकच डबा घ्यायचा झाला तर मी ६२ ग्रेनची बाँडेड किंवा तांब्याची घेईन.

डबा घेण्याआधी नळीचा पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा वेढा, बघा. नळीवर १:७, १:८ किंवा १:९ असं कोरलेलं असतं. १:८ म्हणजे आठ इंचांत गोळीचा एक पूर्ण फेरा. गोळी जितकी लांब, तितका घट्ट पीळ लागतो. शिशापेक्षा तांबं हलकं, म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. १:९ मधून ६२ ग्रेनची बाँडेड गोळी सहसा सरळ जाते, पण ७० ग्रेनच्या टीएसएक्सला १:८ किंवा त्याहून घट्ट पीळ हवा. कागदावरचं छिद्र गोल न येता लांबट आलं तर गोळी हवेत डोलते आहे. ती जनावरावर वापरू नका. आणि गोळी बदलली की रायफल पुन्हा झिरो करा, म्हणजे नेम धराल तिथेच गोळी लागेल अशी दुर्बीण बसवा. ५५ ग्रेनवर बसवलेली दुर्बीण ६२ ग्रेनला तशीच चालेल असं धरू नका.

अंतर १०० ते १५० यार्डांच्या आतच ठेवा. वेग २००० फूट प्रति सेकंदाच्या आसपास उतरला की तांब्याच्या बऱ्याच गोळ्या नीट उघडत नाहीत, आणि १६ इंची नळीत तुमचा वेग आधीच लांब नळीपेक्षा कमी आहे.

आता नेम. हरणावर बार टाकायची सवय झालेले लोक डुकराच्याही खांद्यामागे मारतात आणि गोळी यकृतात किंवा पोटात जाते. डुकराचं हृदय आणि फुप्फुसं पुढे आणि खाली, जवळजवळ पुढच्या दोन फऱ्यांच्या मधे असतात. जनावर पूर्ण आडवं उभं असताना पुढच्या पायाची मागची कड धरून वर या आणि छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात थांबा. हरणाला खांद्याच्या लगेच मागे, छातीच्या मधल्या उंचीच्या किंचित खाली. तिरकं उभं असेल तर या कॅलिबरनं बार टाकू नका, थांबा. डुकराच्या जखमेत चरबी आणि केस बसतात, रक्ताचा माग फार कमी पडतो. जनावर बाराच्या वेळी कुठे उभं होतं ती खूण बघून ठेवा आणि पहिल्या पावलापासून शोधा.

टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर डुकरासाठी २०१९ पासून परवाना लागत नाही. हरणासाठी लागतो, आणि हरणावर रिमफायर काडतूस (ज्याच्या बुडाच्या कडेवर ठोका बसतो ते) चालत नाही. तुमचं .२२३ सेंटरफायर (बुडाच्या मधोमध ठोका बसणारं) आहे, त्यामुळे अडचण नाही.

प्रश्न: मी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात असते. सासऱ्यांकडून जुनी बोल्ट अॅक्शन (दर बाराला हातानं खटका ओढायची) .२२-२५० रायफल मिळाली, पीळ १:१४. हरणावर चालेल का? पुढच्या वर्षी आम्ही कोलोरॅडोला जाणार आहोत, तिथेही न्यायचा विचार आहे.

उत्तर: जॉर्जियात चालेल. तिथे हरणासाठी .१७ किंवा त्याहून मोठं सेंटरफायर मान्य आहे. कोलोरॅडोला मात्र ती घरीच ठेवा. तिथे मोठ्या शिकारीला किमान .२४ लागतं, हरणासाठी गोळी निदान ७० ग्रेनची. व्हर्जिनियातही हरणासाठी .२३ च्या खालचं चालत नाही. जॉर्जिया आणि कोलोरॅडो दोन्हीकडे एकच रायफल चालवायची असेल तर .२४३ विंचेस्टर घ्या. १९५५ पासूनचं काडतूस आहे, धक्का फार नाही आणि १०० ग्रेनची गोळी हरणासाठी छान.

तुमच्या रायफलबद्दल सांगायचं तर १:१४ पिळात लांब गोळ्या स्थिर होणार नाहीत. ६२ आणि ७० ग्रेनचा नाद सोडा. तांब्याची हलकी, आखूड गोळी बघा, आणि कंपनीनं तिला किती पीळ सांगितलाय तो जुळवून घ्या. ६० ग्रेनची पार्टिशन वजनाच्या मानानं आखूड आहे, काही १:१४ नळ्यांतून ती स्थिर जाते. कागदावर मारूनच ठरवा. या काडतुसाचा वेग दांडगा आहे, ५५ ग्रेनला सुमारे ३६८० फूट प्रति सेकंद. त्या वेगात पातळ जॅकेट .२२३ पेक्षाही लवकर फुटतं, म्हणून प्लास्टिक टोकाच्या व्हार्मिंट (लहान उपद्रवी जनावरांसाठीच्या) गोळ्या हरणापासून लांबच ठेवा.

प्रश्न: मांसात शिसं राहतं का? घरात लहान मुलं आहेत.

उत्तर: राहतं. फुटणाऱ्या शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब जातात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि धुऊनही निघत नाहीत. खिम्यात ते सगळीकडे मिसळतात. मुलांसाठी शिजवायचं असेल तर तांब्याचीच गोळी वापरा. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाच्या गोळ्या बंदच आहेत. शिशाची वापरलीच, तर जखमेभोवतीचं मांस सढळ हातानं कापून टाका आणि त्या बाजूच्या फऱ्याचा खिमा करू नका. रानडुक्कर साफ करताना रबरी हातमोजे घाला, कारण त्याच्या रक्तातून ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो. मांस आतपर्यंत पूर्ण शिजवा.