बोटीची लांबी-रुंदी मागाहून लिही

प्रिय पोरी,

तुझी बारा पानं मिळाली. मोबाइलवर वाचायला डोळे देतात कुठे आता, म्हणून झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली आणि एका बैठकीत वाचली. आजोबांच्या लाँचवर लिहायला घेतलंस हे फार बरं केलंस, असल्या बोटींवर कोणी लिहीत नाही, लिहितात ते आरमारावर नाहीतर टायटॅनिकवर. पण राग मानू नकोस, तिसऱ्या पानापर्यंत मला लाँचची लांबी कळली, सागवान कुठून आणलं ते कळलं, इंजिन किती हॉर्सपॉवरचं आणि कितीदा बदललं ते कळलं, आणि जुव्यावरच्या, म्हणजे त्या बेटावरच्या, माणसांना मात्र तू एका ओळीत उरकलंस. "प्रवासी व मालवाहतूक होत असे." होत असे म्हणजे काय गं? कुठला माल? आणि परत येताना बोटीत काय असायचं?

मला बोलायचा हक्क आहे कारण मी स्वतः हेच केलंय. आयुष्य इंजिनरूममध्ये गेलं, त्यामुळे बोट म्हटली की मला आधी मशीन दिसतं. रिटायर झाल्यावर आपल्या कोकण लाइनच्या आगबोटींवर लिहायला बसलो तेव्हा वाडीतल्या एका आजींकडे गेलो होतो, त्या लग्न होऊन बोटीनं मुंबईला गेलेल्या. मी विचारतोय कंपनी कुठली, बोटीचं नाव काय, तिकीट किती, आणि आजी सांगतायत की पडावातून, म्हणजे किनाऱ्यावरून नेणाऱ्या होडीतून, बोटीवर चढताना लाट आली की पाय उचलायचा, लाट खाली गेली की नाही उचलायचा, आणि उलटी होऊ नये म्हणून सासूनं लिंबू हुंगायला दिलं होतं ते कसं पाण्यात पडलं. मी वहीत काय लिहिलं माहितीये? "विशेष माहिती नाही." त्या वहीची मला अजून लाज वाटते. बोट बाहेर खोल पाण्यात उभी आणि माणसं पडावानं जायची, हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत बऱ्याच बंदरांत हीच गत होती, म्हणजे त्या बाईचा पाय कधी उचलायचा हाच खरं तर बंदराचा अख्खा प्रॉब्लेम होता, आणि तो मला कंपनीच्या नावापुढे दिसला नाही.

आता तुला एका दुसऱ्या बोटीबद्दल सांगतो. नोकरीत असताना आमचं जहाज ग्लासगोला दुरुस्तीला लागलं होतं, पाऊस थांबेना, म्हणून लायब्ररीत जाऊन बसायचो, तिथे ही भेटली. डुनारा कॅसल. बांधली १८७५ साली, ग्लासगोच्या खाली क्लाइड नदीवर पोर्ट ग्लासगोला. मोठं काही नाही, माल आणि माणसं दोन्ही घेणारी छोटी स्टीमर, ग्लासगोहून निघायची आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेची बेटं करत जायची, टायरी, बॅरा, उइस्ट, स्काय, हॅरिस. पिठाची पोती उतरव, मेंढ्या चढव, टपाल दे, पुढे चल. आपली बोट जशी जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड करत जायची तसंच, फक्त थंडी जास्त.

त्या बेटांच्याही पलीकडे, अटलांटिकमध्ये साधारण ६५ किलोमीटर आत, सेंट किल्डा. त्यातल्या हिर्टा नावाच्या एकाच बेटावर वस्ती. झाड एक नाही. लोक कड्यांवर दोरानं उतरून समुद्रपक्षी पकडायचे, तेच खायचे, त्यांची पिसं आणि तेल आणि घरी विणलेलं लोकरीचं कापड हाच बेटाच्या मालकाला द्यायचा खंड. मालकाचा कारभारी वर्षातून एकदा बोटीनं यायचा आणि वसूल करून जायचा. खोताचा माणूस आठवला ना? मलाही तोच आठवला.

१८७७ च्या उन्हाळ्यात ही डुनारा कॅसल तिथे टुरिस्ट घेऊन गेली. आता इथे नीट बघ, कारण तुझ्या आजोबांच्या लाँचमध्ये मला हेच शोधून हवंय. बोट येताना काय आणते? साखर, चहा, पीठ, आणि डोळे फाडून बघणारे पाहुणे. जाताना काय नेते? कापड, मोजे, पक्ष्यांची अंडी, जे काय पाहुण्यांना विकलं ते. आधी बेटावर पैशाचं फारसं काम नव्हतं, जे मिळायचं ते वाटून घ्यायचे, रोज सकाळी पुरुषमंडळी रस्त्यावर जमायची आणि आज काय काम करायचं ते ठरवायची. बोट यायला लागल्यावर पैसा आला, पैसा आला की दुकानातल्या वस्तूची सवय लागली, आणि सवय लागली की बोटीची वाट बघणं आलं. ही वाट बघण्याची जी गोष्ट आहे ना ती कुठल्याही रजिस्टरमध्ये नसते.

आणि बोट अजून एक गोष्ट आणायची. आपल्याकडे "बोट लागली" म्हणजे काय ते तुला माहितीये, पोटातलं सगळं बाहेर. तिकडे बोट लागायची ती जमिनीवरच्या माणसांना! बाहेरून बोट आली की थोड्याच दिवसांत अख्खं गाव खोकायला लागायचं. फार जुनी गोष्ट आहे ही, मार्टिन मार्टिन नावाचा माणूस १६९७ साली तिथे गेला होता त्यानंही लिहून ठेवलीय, आणि बेटावरचे लोक त्याला परक्यांची सर्दी म्हणायचे. शहरातल्या विद्वानांना ते खोटंच वाटायचं, हसायचे. आपल्याला आता कळतं की एकट्या राहणाऱ्या त्या लोकांच्या अंगात बाहेरच्या जंतूंशी लढायची ताकदच नव्हती. म्हणून सांगतो, जुव्यावरच्या म्हाताऱ्यांनी बोटीबद्दल काही विचित्र सांगितलं, लाँचच्या धुरानं मासा पळाला, लाँच आली तेव्हापासून पोरं ऐकेनाशी झाली, तर हसून सोडून देऊ नकोस, आधी लिहून घे, खरं-खोटं मग बघू.

दुसरं, बोट कधी यायची नाही ते लिही. तुझ्या बारा पानांत पावसाळा नाहीच. आपल्या कोकण लाइनच्या बोटी पावसाळ्यात बंद असायच्या, मेमध्ये शेवटची बोट गेली की चार महिने मुंबई लांब. सेंट किल्डाला उलट, उन्हाळा सोडला तर बोट नाही, हिवाळ्यातल्या वादळात तिथे उतरणंच शक्य नाही. मग त्या लोकांनी काय करावं? लाकडाचा एक तुकडा कोरून छोट्या होडीसारखा करायचा, त्यात चिठ्ठी ठेवून बंद करायचं, मेंढीच्या मूत्राशयाचा फुगा बांधायचा आणि वारा बघून समुद्रात सोडून द्यायचा. जॉन सँड्स नावाचा एक पत्रकार १८७६-७७ च्या हिवाळ्यात तिथे अडकला होता तेव्हा त्यानं मदतीसाठी असा निरोप सोडला, तो पोचला, आणि मग बेटावरच्यांनी ती आयडिया उचलली. अशा बऱ्याच चिठ्ठ्या खरंच किनाऱ्याला लागायच्या, काही तर नॉर्वेपर्यंत. मला विचारशील तर डुनारा कॅसलच्या अख्ख्या इतिहासातलं सगळ्यात बोलकं पान हे आहे, आणि त्यात ती बोट नाहीये. तुझ्या जुव्यावर पावसात बाळंतीण अडली तर काय करायचे? शाळा मास्तर कसे यायचे? की यायचेच नाहीत?

आता शेवटाकडे येतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नेव्हीनं सेंट किल्डावर वायरलेस स्टेशन टाकलं, म्हणजे सैनिक आले, आणि त्यांच्यासाठी रेग्युलर बोटी यायला लागल्या, टपाल, सामान सगळं वेळेवर. १९१८ मध्ये जर्मन पाणबुडीनं येऊन गोळेपण टाकले. युद्ध संपलं, नेव्ही गेली, बोटी गेल्या. आधी शेकडो वर्षं त्या लोकांनी रेग्युलर बोटीशिवाय काढली होती, पण एकदा वेळेवर येणारी बोट बघितल्यावर तेच बेट त्यांना नकोसं झालं, तरणी पोरं निघून गेली. १९२० मध्ये ७३ माणसं होती, १९२८ मध्ये ३७. होडी वल्हवायला, कड्यावर उतरायला हात उरले नाहीत. मे १९३० मध्ये उरलेल्यांनी सरकारला अर्ज केला की आम्हाला इथून न्या.

ऑगस्टच्या शेवटी डुनारा कॅसल आली. हीच बोट, ५५ वर्षांची झालेली. मेंढ्या, गुरं, खाटा, चरखे, पेट्या तिच्यात चढवल्या. कुत्री न्यायची नव्हती, ती गळ्यात दगड बांधून बुडवली. २९ ऑगस्टला उरलेली ३६ माणसं नेव्हीच्या हेअरबेल नावाच्या जहाजातून गेली. जाताना घराघरात बायबल उघडं ठेवलं आणि शेजारी ओटच्या दाण्यांची छोटी रास. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर गेल्यावर काही पुरुषांना सरकारनं काम काय दिलं असेल? जंगलखात्यात. ज्यांनी बेटावर जन्मात झाड पाहिलं नव्हतं त्यांना झाडं लावायचं काम! हे वाचून मी लायब्ररीत हसलो होतो आणि मग मलाच कसंतरी झालं.

पुढच्या काही उन्हाळ्यांत डुनारा कॅसल त्या रिकाम्या बेटावर टुरिस्ट नेतच राहिली, बेटावरचे काहीजणही उन्हाळ्यापुरते परत जाऊन राहायचे. १९४८ मध्ये तिची कंपनी मोठ्या कंपनीनं घेतली आणि त्याच वर्षी बोट भंगारात गेली. ७३ वर्षं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की तुझ्या लाँचच्या बाबतीतही मला तोच संशय आहे. तू लिहिलंयस, "पूल झाल्यावर लाँच बंद पडली." मला वाटतं लाँच त्याच्या आधीच रिकामी व्हायला लागली असणार. जुव्यावरची पोरं तिच्यातूनच गेली ना कॉलेजला, मुंबईला, गल्फला? सुरुवातीला बोट जाताना नारळ-सुपारी आणि मासळी नेत असेल, येताना तांदूळ, घासलेट, कौलं आणत असेल, मग कधीतरी असं झालं असेल की जाताना माणसं जास्त आणि येताना मनीऑर्डरी जास्त. ते वर्ष कुठलं, ते शोध. पोस्टमन जिवंत असेल तर त्याच्याकडे जा, पुलाचं टेंडर नंतर बघ. आणि माझा अंदाज चुकला तर तसं सरळ लिही, मला खूश करायला काही जुळवू नकोस.

एक अजून. सुरुवात बुडण्यानं करू नकोस. कोकणातल्या बोटींवर लिहिणारा प्रत्येकजण १७ जुलै १९४७ च्या रामदास बोटीपासून सुरुवात करतो, मीपण केली होती. शेकडो माणसं गेली रेवसला जाताना, ते विसरायचं नाहीच, पण त्याच धक्क्यावरून रोज पोचणाऱ्या बोटींबद्दल चार ओळी कोणी लिहिल्या नाहीत. तुझी लाँच वाळूत रुतून कलंडली होती तो किस्सा झकास आहे, तो सातव्या पानावर असू दे.

आता कामाचं. आजोबांची पावतीपुस्तकं आत्याकडे माळ्यावर आहेत म्हणालीस, ती आधी खाली काढ, पावसाळा तोंडावर आलाय. वाळवी लागली असेल तर उन्हात टाकू नकोस, सावलीत पसर, मऊ ब्रशनं झाड. आणि लॅमिनेशन अजिबात करू नकोस, दुकानवाला कितीही म्हणाला तरी. मोबाइलनं पानापानाचे फोटो काढ, पावतीच्या मागच्या बाजूचेसुद्धा, उधारी मागेच लिहिलेली असते. पहिली वीस पानं मला पाठव. आणि आत्याला विचार, परत येताना लाँचवर त्या नेहमी कुठल्या बाजूला बसायच्या आणि का.

तुझा,
काका