दुखत नाही, मग गोळी कशाला?

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यात आशा आहे. हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन घरोघरी फिरते. लोक 'मग खातो' म्हणतात आणि गोळ्या छपरात खोचून ठेवतात. माझ्याकडे मराठी वस्ती, एक गोंड टोला म्हणजे पाडा, आणि काही बंगाली घरं आहेत. पत्रक सगळ्यांना एकच, मराठीतलं. कसं बोलू?

उत्तर : ताई, आरोग्यसेविका म्हणून अशी छपरं मीही खूप पाहिली. पत्रकावर मथळा असतो 'औषधोपचार मोहीम'. धडधाकट माणूस म्हणणारच, मला झालंय काय की उपचार करता? तेव्हा आधी हे सांगा, की पाय सुजायच्या कित्येक वर्षं आधी जंतू अंगात असतात आणि तेव्हा काहीच दुखत नाही. तपासणीसाठी रक्त रात्री का घेतात, तर ते जंतू रात्रीच रक्तात फिरतात. एवढं ऐकलं की लोक खाटेवर सरकून जागा देतात. गावातल्या सुजलेल्या पायाचं उदाहरण मात्र देऊ नका. तो माणूस आधीच लाजून घरात बसलेला असतो.

माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी मी 'काही होत नाही हो' म्हणत गोळ्या वाटल्या. त्याच रात्री एकाला ताप आला, उलटी झाली. पुढच्या वर्षी अख्ख्या टोल्याने दारं लावली. जंतू मरतात तेव्हा ताप, डोकेदुखी होऊ शकते, बहुधा एक-दोन दिवसांत उतरते. न उतरल्यास मला उठवा, हे मी आधीच सांगायला हवं होतं.

टोल्यात पुजाऱ्याला पहिली गोळी द्या, आणि बोलणं गोंडी येणाऱ्या बाईवर सोपवा. तुम्ही मागे उभ्या राहा. बंगाली घरांत शाळकरी पोरगी आजीला तुमच्यापेक्षा नीट समजावते. हत्तीरोगाने होणाऱ्या अंडवृद्धीचं पुरुष तुमच्याशी बोलणार नाहीत. तिथे आरोग्यसेवकालाच पाठवा.

रोवणीच्या दिवसांत दुपारी जाऊच नका, घरं रिकामी असतात. उपाशीपोटी गोळी द्यायची नाही, म्हणून जेवणानंतर संध्याकाळी बरं. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल आणि फार आजारी माणूस यांना गोळी नाही, हे दारातच सांगून टाका. नाहीतर सासू विचारते, सगळ्यांना देता, मग सुनेला का नाही? आणि गोळी तुमच्यासमोरच खाल्ली पाहिजे. पाणी मात्र त्यांच्याच घरचं मागा.