लांबच्या रस्त्यावर पाळी आणि गोळ्या

अगं, बेळगावहून लेहपर्यंत बाइकवर निघतेयस, तर पाळीचा कप (रक्त गोळा करायला आत घालायचा, मेन्स्ट्रुअल कप) आत्ताच घे आणि दोन पाळ्या घरीच वापरून बघ. बारा तासांच्या आत रिकामा करायचा. हात धुवायला पाण्याची बाटली वेगळी ठेव.

गर्भनिरोधक गोळी ठरल्या वेळीच. पाकीट टँक बॅगेत उन्हात तापू देऊ नकोस. गोळीनंतर तीन तासांच्या आत उलटी झाली तर लगेच दुसरी घे.

पाळी पुढे ढकलायची नॉरएथिस्टेरॉन मात्र वेगळी. गर्भ राहू नये म्हणून तिच्यावर विसंबू नकोस. सौंदत्तीच्या यात्रेला बायका घेतात, म्हणून मेडिकलमधून नुसतीच उचलू नकोस. तासन् तास बसून प्रवास आहे, त्यात ही गोळी, म्हणजे पायात रक्ताची गाठ होण्याची भीती वाढते. घरात कुणाला पायात रक्ताची गाठ झाली असेल, तुला अर्धशिशी असेल, तर डॉक्टरांना आधी सांगच.