वाचकांचे प्रश्न : वेरूळ आणि राम सुतार

प्रश्न : सरदार पटेलांचा जगातील सर्वांत उंच पुतळा घडविणारे शिल्पकार राम सुतार उमेदीच्या काळात अजिंठा-वेरूळला नोकरीस होते, असे ऐकले. ते खरे आहे काय? तेथील कामाचा पुढील स्मारकशिल्पांशी काही संबंध लावता येतो काय?
– एक वाचक, कन्नड

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे १९२५ साली जन्मलेले राम वनजी सुतार मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकले आणि १९५४ ते १९५८ या काळात पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत औरंगाबादेस होते. अजिंठा-वेरूळच्या भंगलेल्या शिल्पांची डागडुजी हे त्यांचे काम होते. अशा कामात स्वतःची कल्पना लढवून भागत नाही. तुटलेल्या हाताचा खांद्यापाशी उरलेला भाग आणि त्याचा कल पाहून गेलेला भाग कसा असेल, हे ताडावे लागते.

वेरूळ आपल्याला जवळच आहे, तेव्हा कैलास लेण्यातील रावणाचे शिल्प पुन्हा एकदा निरखून पाहावे. खाली खोल कोरलेला रावण पर्वत हलवीत आहे, वर पार्वती शिवाला बिलगली आहे आणि दासी घाबरून पळत सुटली आहे. येथे सारा प्रसंग चेहऱ्यांपेक्षा अंगाच्या वळणांतून कळतो, आणि दुरून पाहिल्या जाणाऱ्या स्मारकालाही नेमके हेच लागते.

संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो तो मध्य प्रदेशातील गांधीसागर धरणावरील ४५ फुटी चंबळ शिल्पात. चंबळ ही माता, तर मध्य प्रदेश आणि राजस्थान ही तिची दोन मुले, अशी ती कल्पना असून सुतारांनी ती काँक्रीटच्या अखंड ठोकळ्यातून कोरून काढली. नको तो भाग काढीत जाण्याची ही रीत थेट कैलास लेण्याचीच म्हणावी लागेल, फक्त येथे डोंगर आधी ओतून घ्यावा लागला!

२०१८ साली उभ्या राहिलेल्या पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याची जात मात्र निराळी आहे. आधी मातीचे नमुने घडवून, ३० फुटी प्रतिकृतीवरून संगणकाच्या साहाय्याने माप वाढवीत नेले आणि काँक्रीटच्या गाभ्यावर ब्राँझचे पत्रे चढविले. त्यात वेरूळ शोधणे आम्हांला ओढूनताणून केल्यासारखे वाटते.