शाळेत कुस्तीची तालीम सुरू करताय?

सर, मॅटसाठी देणगी मागत फिरण्याआधी दहा पोरं रोज पहाटे हौद्यात, म्हणजे मातीच्या आखाड्यात, उतरतात हे गावाला दिसू द्या. माती, हळद, ताक, तेल, एवढ्यावर सुरुवात होते. शालेय स्पर्धा मॅटवर असतात, तो सराव नंतर.

२०२० ची महाराष्ट्र केसरीची गदा नाशिककडून खेळलेल्या हर्षवर्धन सदगीरनं जिंकली, हे पालकसभेत सांगा. बापांच्या माना डोलतात. आई मात्र विचारते, कान सुजेल का, गजकर्ण होईल का? पहिल्या वर्षी मी ते हसण्यावारी नेलं आणि चार पोरं तालीम सोडून गेली. आता रोज नखं, कातडी तपासतो. मुलींच्या आयांना तर सरावालाच बोलवा, चहा पाजा.

आणि यात्रेत पोराची जोड लावताना वजन स्वतः बघा. रेवडीच्या, म्हणजे लहान पोरांच्या किरकोळ बक्षिसाच्या, कुस्तीत वजनकाटा कुणी आणत नाही, नजरेनंच तोलतात.